वैरण

सातवीत असताना मी दुधाची फॅट मोजायला शिकले,
गडहिंग्लजच्या अलीकडे, बाबांच्या संकलन केंद्रात,
पहाटे पाचला, स्वेटरच्या बाह्या वर सारून.
कुणाच्या किटलीत पाणी आहे
ते मला नुसत्या वासावरून कळायचं.

आता सलालात, तिसऱ्या मजल्यावर,
लेकीचा लंगोट मी ट्यूबलाइटखाली धरून बघतेय:
शेंबडासारखी तार,
तारेत रक्ताचा एक धागा,
करडईच्या पाकळीएवढा.

डॉक्टर सुमय्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
शाल्मलीच्या गालावरची खरखर बोटाने वाचली
आणि म्हणाल्या, तुझं दूध चांगलंच आहे, पाजत राहा.
तू जे पितेस, ते तिला सोसत नाही.
चार आठवडे बंद. चहातला थेंबसुद्धा नको.

थेंबसुद्धा.
संकलन केंद्रवाल्याच्या पोरीला.
मला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं.

सुपरमार्केटच्या गल्लीत किती दुधं उभी होती,
एकालाही शिंग नाही, शेपूट नाही.
सोया डॉक्टरांनीच राहू द्या म्हटलेलं, तेही काहींना बाधतं.
बदामाचं आल्याच्या चहात फाटलं, पातेलंभर ढग.
तांदळाचं बाबांनी दारातूनच परत पाठवलं असतं.
ओटचं पेजेसारखं लागलं, गोडसर. ते घेतलं.
नारळाचं मात्र घरीच,
किनाऱ्याजवळच्या टपरीवरून शहाळ्याशेजारचा सुका नारळ आणून,
खोवून, पिळून,
एका हाताने, कारण दुसऱ्यावर ती.

बिस्किटं, पाव, सूपची पाकिटं.
एवढ्या दिवसांत मला एकच अरबी शब्द वाचता येऊ लागला,
हलीब.
अक्षरांखाली तीन ठिपके असतात,
सांडल्यासारखे. दिसले की पाकीट परत फळीवर.

समोरच्या उम्म मुसल्लम स्टीलच्या वाटीतून
सांडणीचं दूध घेऊन आल्या, फेसासकट.
वाटी कोमट होती.
धारोष्ण हा शब्द मला किती महिन्यांनी आठवला.
डॉक्टर फोनवर म्हणाल्या, एवढ्यात प्रयोग नको.
ते विश्रामने पिऊन टाकलं, माझ्याकडे पाठ करून.
मी वाटीत तिळाचे लाडू घालून ती परत दिली.

आईने कार्गोने डिंकाचे लाडू धाडले, साजूक तुपातले,
आणि रोज एकच प्रश्न:
दूध न पिता दूध येईल कसं गं?
मी म्हणायचे, पिते ना.
डबा न उघडता फ्रिजवर ठेवला.
रात्री दोनला पाजताना
मला खरवसाचा वास यायचा, खराखुरा,
वेलचीसकट.

अठराव्या दिवशी, कुणाच्या तरी बारशाला,
मी एक चमचा श्रीखंड खाल्लं.
एकच, पाठमोरी उभी राहून.
मग दोन रात्री ती पाय पोटाशी घेऊन रडली
आणि लंगोटात पुन्हा ती पाकळी.

त्या पहाटे मी केंद्रावरच फोन लावला.
मागे किटल्यांचे आवाज, यंत्राची पीप.
बाबांना सगळं सांगितलं, चमच्यासकट.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
कुणाला तरी म्हणाले, थांब रे जरा.

मग मला म्हणाले,
वासरू हगवणीला लागलं तर आपण काय करतो?
म्हशीला बोल लावतो व्हय?
वैरण बदलतो.
एखाद् दिवशी जुनी पेंडी जाते तोंडात चुकून.
म्हणून काय म्हस वाईट हुत न्हाई.

आणि जरा थांबून,
मग तू खातीस काय, पोरी?

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
नाचणी, म्हटलं. तीळ. राजगिरा.
नारळाची कढी. कॅल्शियमची गोळी, जेवल्यावर.
सावकाश सांग, ते म्हणाले,
आणि कागद उलटल्याचा आवाज आला.
ते लिहून घेत होते,
दुधाच्याच वहीत,
माझं नाव टाकून.